शेऱ्याचा रकाना

एक वाजून एकतीस मिनिटांनी तो डोक्यावरून जायचा,
म्हणजे जातो असं पत्रात लिहिलं होतं.
भरदुपारी कुणाला दिसणार?
मी हायस्कूलच्या गच्चीवर, डोक्याला ओला दुपट्टा,
यंत्राची काच पुसून उभा.
यंत्र सूर्याकडे धरायचं, आकडा यायचा,
आकडा वहीत, वेळ वहीत,
आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात एक शब्द:
निरभ्र. धूळ. धूर.

यादव गुरनुले, प्रयोगशाळा परिचर.
पुण्याच्या बाईंनी तीन दिवस शिकवलं,
निघताना म्हणाल्या, तो वरून बघतो, तुम्ही खालून बघा,
दोघांचं जुळलं पाहिजे.
सोयरिकीवानी, मी म्हणालो.
सातशे किलोमीटर वर.
इथून नागपूर दीडशे,
म्हणजे नागपूरच्या जवळजवळ पाचपट, पण उभं.

मार्चात मोहाखालचा पाला पेटवतात
फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून;
तेव्हा जंगलाकडून निळसर यायचं.
वारा फिरला की चंद्रपूरकडून राखाडी.
पोळ्याला ढग. ढग म्हणजे सुट्टी:
त्याला ढगाखालचं दिसत नसे, मला वरचं.

एकदा बाईंनी नकाशा पाठवला.
गाव, बोडी, राइस मिल, मसणवट, टेकडीमागचं जंगल
सगळं मिळून एक चौकोन, फिकट नारिंगी.
पोरं विचारू लागली, काका, आमचं घर कोनतं?
ह्या नारिंगीतच आहे म्हटलं,
वरच्या मोहल्ल्याचं, खालच्या मोहल्ल्याचं,
पाटलाचंही.

माय गेली त्या दिवशी सरण बाराला पेटलं.
एक एकतीसला मी गच्चीवर नव्हतो.
दुसऱ्या दिवशी आदल्याचाच आकडा टाकला
आणि शेऱ्यात लिहिलं, धूर.
अठरा वर्षांत तेवढा एक आकडा खोटा.
शेरा खरा होता.
त्यानं वरून काय टिपलं ते मी कधी विचारलं नाही.

मग तो उशिरा यायला लागला.
एक चाळीस. पुढच्या वर्षी दोन.
बाईंनी कळवलं, इंधन संपत आलंय,
वेळ धरून ठेवायलासुद्धा इंधन लागतं.
आधी मधल्या सुट्टीची घंटा आणि तो एकदमच यायचे;
आता पोरं वर्गात परतायची
आणि मी वर, यंत्र हातात, सावलीविना.
हेडसर म्हणाले, गुरनुले, काहून हो,
तिथं काय झोपता का?

जानेवारीत बंद केला.
पेन्शन नाही, शाल नाही, श्रीफळ नाही;
शाल घालायची तरी कुठं, खांदेच नाहीत.
उरल्यासुरल्या इंधनात थोडा खाली आणून ठेवला,
बाकीच्यांच्या वाटेतून बाजूला.
आता डोळे मिटून फिरतोय,
अजून वीसेक वर्षं फिरेल.
मी फोनवर विचारलं, मग खाली ओढते कोण?
हवाच, बाई म्हणाल्या.
तिथंही असते, अगदी विरळ, नावापुरती.
तीच घासते, तीच अडवते, थोडी थोडी.
जिला तो इतकी वर्षं मोजत होता
तीच.
मी फोन ठेवला नाही बराच वेळ.
त्यांनीही नाही.

यंत्र न्यायला माणूस आला.
खोक्यात भरलं, पावती फाडली,
वह्या मोजून घेतल्या, अकरा.
काच पुसायचं फडकं तेवढं राहून गेलं,
माझ्या जुन्या सदऱ्याचं, आता पिवळट, कडांना काळं.
आकडा घ्यायच्या आधी जे जे पुसलं
ते वहीत नाही, वरच्याकडेही नाही,
ते ह्यात आहे.

बायको म्हणते, धुवाले टाका ना ते.
टाकतो म्हटलं,
नळ येऊ दे.